उतारवयाची तरतूद : चार पिढ्यांचा विचार



"पूर्वीची माणसे काटकसरी होती, हल्लीची मुले मात्र उधळी निपजली," हे उद्गार आपल्या वार्षिक मेळाव्यात दरवर्षी कानी पडतात. आम्हीही ते वर्गात आणि घरात अनेकदा काढलेले आहेत. परंतु सेवानिवृत्तीनंतर सवड मिळाली, थोडे जुने वाचन झाले, घरातील जुन्या वह्या चाळून झाल्या आणि हे मत बदलणे आम्हांस भाग पडले. त्याची हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

वृद्धांचा सांभाळ मुलांनी करावा ही आपली प्राचीन रीत होय. तथापि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, ऐपत असूनही आईबापांना न पोसणाऱ्यास १२ पण दंड सांगितला आहे. सर्वच पुत्र आपापले कर्तव्य करीत असते, तर हा दंड लिहून ठेवण्याचे प्रयोजन काय होते? २००७ साली आपल्या संसदेनेही आईवडिलांच्या निर्वाहासाठी कायदा केला. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांनंतरही तीच गरज उरली आहे. पेशवाईत लढाईत कामी आलेल्यांच्या मुलाबाळांस बालपरवेशी मिळे. परंतु ती सरकारच्या चाकरीतील लोकांपुरती होती. सुईदोऱ्यावर जगणाऱ्यांस तिचा काय उपयोग?

आपला परंपरागत व्यवसाय शिवणकामाचा. जुन्या गावगाड्यात शिंप्याची गणना अलुतेदारांत होई. आमचे आजोबा कऱ्हाडजवळच्या एका खेड्यात गावकऱ्यांचे कपडे शिवीत आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावरून धान्य आणीत. नजर मंदावली की सुई मुलाच्या हाती द्यायची, हीच त्यांची सेवानिवृत्ती. शिल्लक पडेल ते आजीच्या गळ्यात सोन्याच्या रूपाने राही. पोस्टाची बचत बँक १८८२ सालीच सुरू झाली होती. खुद्द साताऱ्यास १९१३ साली वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी निघाली होती. परंतु विमा म्हणजे जिवंतपणी मरणाचा सौदा, असे आजोबांचे ठाम मत होते. त्यांचा विश्वास मुलगा, जमीन आणि सोने या तिहींवर होता. १९७२ च्या दुष्काळात आजीची पुतळ्यांची माळ मोडावी लागली, तेव्हा त्या तिहींतील एक आधार गेला. पण घर तगले.

दुसऱ्या पिढीत आमचे चुलते मुंबईस कापडगिरणीत लागले. १९५२ साली कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला. तो आरंभी सहा उद्योगांस लागू होता व त्यांत कापडधंदा होता. वर्गणी सव्वासहा टक्के, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने रुपयामागे एक आणा. तेवढीच भर मालकाने घालावयाची. १९५६ साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि विमा एजंटाची सायकल आपल्याही गल्लीत येऊ लागली. चुलत्यांनी निधीवर भिस्त ठेवली. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरणी सुटली आणि निधीची एकरकमी रक्कम घेऊन ते गावी परतले. घराचे छप्पर आणि एका मुलीचे लग्न, एवढ्यात ती दोन वर्षांत संपली. निधी असला तरी दरमहा हाती काही येत नसे. कामगारांस दरमहा निवृत्तिवेतन देणारी योजना १९९५ साली आली. चुलते तोवर राहिले नव्हते.

तिसरी पिढी आमची. मॅट्रिक होऊन, अध्यापन पदविका घेऊन आम्ही १९८१ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो. दुसऱ्याच वर्षी, १७ डिसेंबर १९८२ रोजी, निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचे फळ आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात दिला. "मुलगा पेन्शनीत आहे" एवढ्यावर त्या काळी सोयरिकी जुळत. आम्ही २०१८ साली निवृत्त झालो आणि महिन्याच्या महिन्यास निवृत्तिवेतन घेतो. परंतु आमच्याच शाळेत १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या गुरुजींना ती जुनी हमी मिळाली नाही. मार्च २०२३ मध्ये ते संपावर गेले, तेव्हा आम्ही ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचीत होतो, हे सांगताना संकोच वाटतो.

चौथी पिढी आमच्या चिरंजीवांची. ते पुण्यास खाजगी कंपनीत आहेत. नोकरी बदलताना त्यांनी भविष्यनिर्वाह निधी काढून सदनिकेच्या पहिल्या हप्त्यात घातला, तेव्हा आम्ही त्यांस फार बोललो. ते शांतपणे म्हणाले, "आप्पा, तुमच्या म्हातारपणाची हमी सरकारने घेतली. माझी कोणी घेतली आहे? निदान डोक्यावर छप्पर तरी असू दे." पुढे त्यांनी दरमहाचा हिशेब आमच्यापुढे ठेवला. म्युच्युअल फंडात ठराविक रक्कम जाते, विमा आहे, आणि सूनबाईंच्या नावे वेगळे खाते आहे. ते पाहून आम्ही निरुत्तर झालो.

त्या रात्री आम्हांस आमच्या वडिलांची आठवण झाली. यंत्रावर पाय चालवून त्यांनी आम्हांस शिकविले. स्वतःसाठी एक पैसा मागे ठेवला नाही. आम्हीच त्यांची ठेव होतो. मोतीबिंदूने दृष्टी अधू झाल्यावर ते आमच्याकडे राहिले. आषाढीस पंढरपूरच्या वाटखर्चाला पैसे मागताना ते खाली मान घालून उंबऱ्यापाशी उभे राहत. आम्ही त्यांना कधी नाही म्हटले नाही. पण त्यांनी मागेपर्यंत कधी दिलेही नाही. आमच्या मातोश्रींनी उभा जन्म काजे-बटणे केली. त्यांच्या नावे पोस्टात साधे खातेही नव्हते.

तात्पर्य, काटकसर कोणत्याही पिढीने सोडलेली नाही. विश्वासाचे स्थान मात्र बदलत गेले. आजोबांनी सोन्यावर, चुलत्यांनी गिरणीवर, आम्ही सरकारवर विश्वास टाकला. मुलांस तो बाजारावर टाकावा लागत आहे, आणि बाजार कोणासही वचन देत नाही. म्हणून मुलांस उधळे म्हणण्यापूर्वी आपल्या पाठीशी कोण उभे होते, हे आपण वडीलधाऱ्यांनी आठवावे.

आपल्या ज्ञातीत आजही पुष्कळ कुटुंबे दुकानावर आणि शिलाईयंत्रावर पोट भरतात. त्यांना ना निधी, ना निवृत्तिवेतन. २०१५ साली सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेत, आयकर न भरणाऱ्या १८ ते ४० वर्षे वयाच्या व्यक्तीस वर्गणी भरून साठीनंतर दरमहा १००० ते ५००० रुपयांची सोय करता येते. रक्कम मोठी नाही. पण वाटखर्चासाठी उंबऱ्यावर उभे राहणे टळते. ज्ञातीच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन ही माहिती सांगावी आणि खाते उघडताना आधी घरच्या स्त्रीचे नाव विचारावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.