मुलाखतीची उत्तरे आधी घरात ठरवा

पदवीचे निकाल लागले की राजारामपुरीतल्या आमच्या घरी बायोडेटा घेऊन मुले-मुली येतात. "सर, इंटरव्ह्यूला काय विचारतात?" गेल्या खेपेस बी.कॉम. झालेली, चांगल्या मार्कांची एक मुलगी आली होती. मुलाखतीत तिला हिशेबाचे सगळे प्रश्न आले. शेवटी साहेबांनी विचारले, "गोकुळ शिरगावला यावे लागेल, सुटायला सात वाजतील. जमेल?" ती म्हणाली, "अब्बांना विचारून सांगते." नोकरी दुसरीला मिळाली.

आमच्या मते ही चूक त्या मुलीची कमी आणि घराची जास्त. म्हणून हा लेख मुलांइतकाच पालकांसाठीही आहे.

मुलाखत कुठे असते?

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ब (अराजपत्रित), क आणि ड या पदांच्या मुलाखती बंद केल्या. बँकेत क्लार्कच्या भरतीला मुलाखत नसते, पण आयबीपीएसच्या पीओ भरतीला असते. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत तिला २७५ गुण आहेत. आपल्या बहुतेक मुलांचा संबंध मात्र शोरूम, दवाखाने, पतसंस्था, शाळा आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांशी येतो. तिथे निवड बहुतेक वेळा समोरासमोरच्या बोलण्यावरच होते.

घरात आधी ठरवायचे प्रश्न

१. किती लांब आणि किती वाजेपर्यंत? ये-जा बसने की गाडीने? शिफ्ट चालेल का?
२. पुण्या-मुंबईला बदली झाली तर?
३. मुलीला हमखास विचारतात, "लग्न झाल्यावर नोकरी सोडणार का?" खरे तर हा प्रश्न विचारायला नको, पण विचारतात. घरात बोलणे झालेले असेल तर ती शांतपणे म्हणू शकते, "नोकरी सुरू ठेवायचे घरच्यांशी ठरले आहे."
४. जुम्म्याची नमाज. "जेवणाच्या सुट्टीत जाऊन येईन, वेळ लागला तर संध्याकाळी थांबून काम पुरे करीन," असे सरळ सांगावे. हे लपवून रुजू झाले की पुढे रोज कुरबूर होते.
५. पगार. वर्षाचा सीटीसी आणि हातात येणारी रक्कम एक नसते. मूळ पगार व महागाई भत्त्यावर साधारण १२ टक्के पीएफ कापला जातो आणि मालकाचा हिस्साही बहुधा सीटीसीत धरलेला असतो. म्हणून "हातात किती येतील?" हे अदबीने विचारावे.

"स्वतःबद्दल सांगा"

इथे आमची मुले पाठ केलेले इंग्रजी सुरू करतात आणि तिसऱ्या वाक्याला अडतात. मोबाईलवरून उतरवलेले उत्तर साहेबांनी त्या दिवशी चार जणांकडून ऐकलेले असते. त्यापेक्षा आपल्या आयुष्यातले तीन प्रसंग कागदावर लिहा: एखादे काम पूर्ण केलेले, एखादी चूक सुधारलेली, कुणाशी तरी जुळवून घेतलेले. प्रत्येक प्रसंगात काय अडचण होती, मी काय केले आणि शेवटी काय झाले, एवढेच. उदाहरणार्थ: "मामांच्या दुकानात मी दोन वर्षे बिले केली. उधारीची वही जुळत नव्हती, म्हणून मी सगळी नावे टॅलीत भरली. आता महिनाअखेरचा हिशेब एका दिवसात होतो." असे उत्तर पाठ करावे लागत नाही, कारण ते आपलेच असते. दुकानात, शिलाईत, ट्यूशनमध्ये केलेले काम हाही अनुभवच आहे. तो सांगायला लाजू नका.

शिक्षणात खंड पडला असेल तर कारण एका वाक्यात खरे सांगा आणि त्या काळात काय शिकलात ते जोडा. जे येत नाही त्याला "येत नाही, शिकून घेईन" म्हणा. खोटे बोलून मिळवलेल्या रिज्कात बरकत नसते, आणि दुसऱ्या प्रश्नाला ते उघडेही पडते.

भाषा

घरी दखनी, शाळेत उर्दू आणि मुलाखत मराठीत, ही आपल्या मुलांची खरी अडचण. त्यावर उपाय एकच: मोठ्याने सराव. रोज रात्री जेवणानंतर अम्मी किंवा भावाने समोर बसून पाच प्रश्न मराठीतून विचारावेत, असे आठ दिवस करा. फोनवर आवाज रेकॉर्ड करून ऐका. हसू येईल, येऊ द्या.

आदल्या दिवशी मूळ कागदपत्रे आणि झेरॉक्स एका फाईलमध्ये लावा, पत्ता बघून ठेवा आणि पंधरा मिनिटे आधी पोहोचा.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी करून आपल्या मुलांसाठी तालीमचा दरवाजा उघडला. तालीम घेतलेल्या मुलांना नोकरीच्या दारातून घरच्यांनीच माघारी फिरवू नये. तवक्कुल जरूर ठेवा, पण त्याआधी तयारी करा. पुढच्या वेळी "जमेल का?" असे विचारल्यावर आपल्या मुलीने, इन्शाअल्लाह, तिथल्या तिथे उत्तर द्यावे.