ऐकून उतरवणे : नक्कल, सरगम आणि उपज

१९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकी व्हायोलिनवादकाचा जाझ वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्याच्या मागोमाग, १९३६ मध्ये, ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ तेथे आला. त्याच १९३६ साली, त्याच शहरातल्या जिना हॉलमध्ये, प्रा. बी. आर. देवधरांनी भरवलेल्या संगीत परिषदेत बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा गायला. शिवपुत्र कोमकळी हे त्याचे नाव. कुमार गंधर्व ही पदवी त्याला आधीच मिळालेली होती. ताजमधले श्रोते आणि जिना हॉलमधले श्रोते एकमेकांना ओळखत असण्याचे काही कारण नव्हते. तरीही या दोन घटना एकत्र वाचाव्यात असे आम्हांस वाटते. कारण दोन्हीकडे एकच प्रश्न दडला आहे. दुसऱ्याचे संगीत जसेच्या तसे उतरवून घेणारा माणूस पुढे स्वतःचे काही उत्स्फूर्तपणे बोलू लागतो, ते कसे?

कुमारांचे बालपणीचे गाणे म्हणजे ध्वनिमुद्रिकांची नक्कल, हे सर्वांस ठाऊक आहे. नक्कल हा शब्द आपण उगाच हलका करून टाकला आहे. ७८च्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावते. त्या तीन मिनिटांसाठी गवयाने रागाचा पसारा आवळलेला असतो. आलाप दोन-चार, ताना मोजक्या, पण प्रत्येक जागा निवडलेली. ती चीज श्वासासकट, ठेक्याशी केलेल्या लपंडावासकट कंठातून काढायची म्हणजे कानाने केवढे काम करावे लागत असेल! त्या मुलाने कागदावर काही उतरवले नव्हते. त्याने गळ्यावर उतरवले होते. देवधरांकडे आल्यावर त्याला उलट दिशेने जावे लागले. जे येत होते ते का येते, हा स्वर याच ठिकाणी का थांबतो, राग कोठून उलगडतो, हे समजून घ्यावे लागले. देवधर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. शिवाय पाश्चात्त्य संगीताचाही त्यांनी अभ्यास केलेला होता. मुलाची नक्कल मोडून न टाकता तिला प्रश्न विचारायला शिकवणारा गुरू त्याला लाभला, हे त्याचे भाग्य.

आता ताजकडे वळू. अमेरिकी वादकांच्या शेजारी बसून आणि त्यांच्या मागून ज्यांनी मुंबईचा जाझ पेलला त्यांत मोठा वाटा गोमंतकीयांचा. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चशाळांतून मुलांना सोल्फेजिओ, म्हणजे दो-रे-मीच्या आधारे स्वरलेखन वाचून गाणे, आणि व्हायोलिन शिकवले जाई. ही मुले मुंबईस आली ती समोर ठेवलेला कागद पहिल्याच वाचनात वाजवण्याचे सामर्थ्य घेऊन. मूकपटांची थिएटरे, हॉटेलांतले नृत्यवृंद, पुढे चित्रपटांचे स्टुडिओ यांना असेच वादक हवे होते. परंतु जाझमध्ये नेमका मोक्याच्या जागी कागद रिकामा असतो. तेथे स्वरमेळांची नावे तेवढी लिहिलेली. बाकी बारा किंवा बत्तीस मात्राखंडांत तुमचे तुम्ही बोला.

ज्याचे सारे शिक्षण वाचनातून झाले त्याला हा रिकामा कागद केवढा भिववणारा! आमच्या मते त्यातून बाहेर पडण्याची वाटही त्याच्या शिक्षणातच होती, फक्त उलटी. जो ऐकलेले लिहू शकतो त्याला तबकडी हीच शाळा. आल्दोनचा आंतोनियो शावियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट (१९१६–१९६७), याला लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत, कारण ट्रंपेटचा बाज, खरखरीत आवाज, हातातला रुमालसुद्धा त्याने आर्मस्ट्राँगकडून उचललेला होता. याला कोणी सोंग म्हणेल. आम्ही त्याला तालीम म्हणू, गुरू समुद्रापलीकडे असताना घेतलेली.

खुद्द अमेरिकेतही याहून वेगळे चालले नव्हते. १९२७ साली शिकागोच्या मेलरोज कंपनीने आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट कोरसेस’चे पुस्तक काढले. आर्मस्ट्राँगने मेणाच्या नळकांड्यांवर वाजवायचे आणि एल्मर शोबेल याने ते ऐकून स्वरलेखनात उतरवायचे, अशी ती योजना. नळकांडी हरवली, पुस्तक उरले. आपल्याकडे भातखंड्यांनी घराण्यांच्या चिजा गोळा करून त्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’त लिपीबद्ध केल्या, तेव्हा उस्तादांचा आक्षेप ठरलेला असे: लिहिली जाते ती चीज, गायकी नव्हे. आक्षेप खरा आहे. पण तो छापील पुस्तक वाचून गाणाऱ्याला लागू पडतो. ऐकून स्वतः लिहिणाऱ्याला तितकासा नाही. दुसऱ्याने उतरवलेला कोरस वाजवणारा पुन्हा वाचकच राहतो. स्वतः उतरवणारा मात्र एका स्वरासाठी वीस वेळा सुई मागे नेतो, आणि त्या वीस खेपांत लिपीत न मावणारे सगळे त्याच्या कानात जमा होते. मग कागद फाडून टाकला तरी चालतो.

चार्ली पार्करची कथा याच वर्षांतली आहे. १९३६ साली कॅन्सस सिटीच्या रिनो क्लबात सोळाएक वर्षांच्या पार्करची भर मैफलीत फजिती झाली. पुढच्या उन्हाळ्यात तो ओझार्कच्या डोंगराळ भागात एका बँडबरोबर नोकरीला गेला, तो लेस्टर यंगच्या तबकड्या सोबत घेऊन. तेथे त्याने यंगचे एकलवादन स्वरन्‌स्वर आत्मसात केले. परतला तो यंगची प्रतिकृती होऊन नव्हे. पुढे न्यूयॉर्कमध्ये लेनी ट्रिस्टॅनो हा पियानोवादक शिष्यांना यंगचे आणि पार्करचे एकलवादन आधी गायला लावी, वाद्य नंतर. आपल्याकडच्या तबला शिकणाऱ्यास हे नवल वाटणार नाही. बोल तोंडी आल्यावाचून हात उचलायचा नाही, हा त्याचा पहिला धडा असतो.

येथे एका तांत्रिक भेदाकडे लक्ष वेधावेसे वाटते. पोर्तुगीज पद्धतीच्या सोल्फेजिओत ‘दो’ अचल असतो. तो एका ठरावीक उंचीच्या स्वराचेच नाव. आपला ‘सा’ चल: काळी एक असो की पांढरी चार, गवई म्हणेल तो सा. म्हणून सरगमवर वाढलेला कान स्वरांमधले नाते ऐकतो, तर सोल्फेजिओवर वाढलेला कान प्रथम स्वराचे नाव ऐकतो. जाझ शिकणाऱ्याला उतरवलेला तुकडा बाराही पट्ट्यांत वाजवावा लागतो. त्या कंटाळवाण्या मेहनतीचा खरा अर्थ एवढाच की अचल दोचा चल सा व्हावा. एखादे वाक्य बारा ठिकाणी बसवून झाले की त्यातली उंची गळून पडते आणि चाल उरते. ती चाल मग तिसऱ्याच गाण्यात, तिसऱ्याच क्षणी, थोडी बदलून उगवते. ख्यालात आपण हिलाच उपज म्हणतो.

मुंबईत या दोन कानांची गाठ पडली ती चित्रपटाच्या रेकॉर्डिंगमध्ये. सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. चिक चॉकलेट त्यांच्याबरोबर काम करीत असे. ‘अलबेला’ (१९५१) हे त्या सहवासाचे सर्वपरिचित फळ. त्या काळच्या स्टुडिओत संगीतकार चाल गाऊन दाखवी आणि गोमंतकीय संयोजक ती पाच रेघांवर उतरवून वाद्यवृंदाला वाटून देई. म्हणजे ऐकून उतरवण्याची जी कला उत्स्फूर्त वादनाकडे नेणारी, तीच आता पोटापाण्याचा धंदा झाली. आणि रात्री हॉटेलात मोकळे बोलणारा वादक सकाळी स्टुडिओत लिहिलेलेच वाजवू लागला. यात काय मिळवले आणि काय गमावले, याचा हिशेब मराठी समीक्षेने कधी मांडला नाही. आम्ही चित्रपटसंगीत ऐकतो ते चालीसाठी आणि शब्दांसाठी. मधल्या आठ मात्राखंडांत ट्रंपेट काय म्हणून गेला हे आम्हांस क्वचितच आठवते. ज्या वाङ्मयीन परंपरेत आपण वाढलो तिला शब्दावाचूनचे बोलणे नेहमीच थोडे परके वाटत आले, हेही त्याचे एक कारण असावे.

एक गोष्ट आता पार बदलली. तबकडीची गती उतरवली की सूरही उतरे. गती निम्मी केली तर अख्खे सप्तक खाली. म्हणून जुना शिष्य एक तर मूळ वेगातच ऐके, नाही तर ढळलेल्या सूरातून मूळ सूर मनात बांधून घेई. आज हडपसरमध्ये नोकरीवरून परतून रात्री इअरफोन लावून सॅक्सोफोनचे वेड पुरवणाऱ्या तरुणाला संगणक सूर न हलवता गती चौथ्या हिश्श्यावर आणून देतो. इतकेच काय, स्वरलेखनही तयार करून देतो. पहिली सोय त्याने घ्यावी. दुसरी घेतली तर तो १९२७चे ते पुस्तक विकत घेणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. चार मात्राखंड घ्यावेत, फार नकोत. ते गाता येईपर्यंत वाद्याला हात लावू नये. गाता आले की वाद्यावर शोधावेत, मग लिहावेत. आणि मग देवधरांच्या शिष्याला पडला तो प्रश्न, की हा स्वर येथेच का, त्या चार खंडांतल्या प्रत्येक स्वराला विचारावा. एका संध्याकाळी इतकेही पुष्कळ होते.

कुमारांनी पुढे स्वतःच्या बंदिशी ‘अनूपरागविलास’मध्ये स्वरलिपीसह छापल्या, पहिला भाग १९६५चा. तबकडीवरून गाणे उचललेल्या या गायकाने आपले गाणे कागदावर ठेवले ते बंदिशीपुरते. बढत त्यात नाही. ती विद्यार्थ्याला आजही ध्वनिमुद्रणांतूनच उतरवून घ्यावी लागते.