लाइमलाइट : झोतामागचा चुना आणि माणूस

१/७ एखादी व्यक्ती ‘लाइमलाइट’मध्ये आली, असे आपण सहज म्हणतो. या शब्दातील ‘लाइम’ म्हणजे लिंबू नव्हे, तर चुना. नेमके सांगायचे तर चुनकळी. आजचा धागा या शब्दाविषयी.

२/७ ऑक्सिजन व हायड्रोजन यांची ज्योत चुनकळीच्या तुकड्यावर सोडली की तो वितळत नाही. तापून शुभ्र, डोळे दिपवणारा प्रकाश देतो. इंग्लंडमधील गोल्ड्सवर्दी गर्नी यांनी १८२०च्या दशकात या प्रकाशाचे वर्णन केले.

३/७ मात्र हा दिवा नाटकाआधी जमीनमोजणीत गाजला. आयर्लंडची मोजणी करआकारणीसाठी चालली होती आणि दूरच्या डोंगरांवरील खुणा धूसर हवेत दिसत नव्हत्या. १८२५ साली लष्करी अभियंता थॉमस ड्रमंड यांनी एका शिखरावर हा दिवा लावला. तो शंभराहून अधिक किलोमीटरांवरून दिसला! म्हणूनच त्याचे दुसरे नाव ‘ड्रमंड लाइट’.

४/७ १८३७ साली तो लंडनच्या कव्हेंट गार्डन नाट्यगृहात पोहोचला. गॅसचे दिवे सारा रंगमंच उजळत. पण अनेकांतून एकालाच वेगळे काढणे त्यांना साधत नसे. भिंग लावलेल्या लाइमलाइटला ते साधले. प्रमुख नटाभोवती तेजाचे वर्तुळ पडू लागले आणि ‘लाइमलाइटमध्ये असणे’ याचा अर्थ लोकांच्या नजरेत असणे असा झाला.

५/७ हे तेज आपोआप टिकत नसे. प्रत्येक दिव्याजवळ एक माणूस लागे. ज्योतीने चुना झिजे, म्हणून तो तुकडा सतत फिरवायचा, दोन्ही वायूंचे प्रमाण सांभाळायचे आणि नटाच्या पावलांमागे झोत न्यायचा. वायू चुकून मिसळले तर स्फोटाचे भय.

६/७ १८८१ साली लंडनचे सॅव्हॉय नाट्यगृह विजेने उजळले. पुढे विजेच्या झोतदिव्यांनी चुन्याची जागा घेतली. वस्तू गेली, शब्द उरला.

७/७ मराठीत आपण ‘प्रकाशझोतात येणे’ म्हणतो. त्यात चुना नाही आणि तो फिरवणारा माणूसही नाही. इतिहासाच्या पानांवर कोणी उजळून दिसला, तर आपण एक प्रश्न अवश्य विचारावा : हा झोत कोणाच्या हातात होता?