भिडेवाडा : मुलींच्या शाळेचा आणि तिच्या वास्तूचा इतिहास

पुण्याच्या बुधवार पेठेत, दगडूशेठ हलवाई गणपती मंदिरासमोर उभा असलेला भिडेवाडा आज अस्तित्वात नाही. तरीही भारतीय स्त्रीशिक्षणाचा इतिहास त्याच्या नावावाचून सांगता येत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची पहिली शाळा याच वाड्यात भरवली. शाळेसाठी जागा तात्यासाहेब भिडे यांनी दिली. स्थापनेची तारीख म्हणून १ जानेवारी १८४८ रूढ आहे. काही चरित्रकार मात्र त्याच वर्षीचा ऑगस्ट महिना मानतात.

‘पहिली शाळा’ या शब्दांचा नेमका अर्थ लक्षात घेणे आवश्यक आहे. मुंबईत अमेरिकन मिशनने मुलींची शाळा १८२४ मध्येच काढली होती. बंगालमधील बारासत येथे १८४७ मध्ये स्थानिक सुधारकांनी कन्याशाळा सुरू केली होती. भिडेवाड्यातील शाळेचे वेगळेपण असे की, पेशवाईची राजधानी राहिलेल्या सनातनी पुण्यात, मिशनच्या आश्रयावाचून, एका एतद्देशीय दांपत्याने ती चालवली. आणि तेथे शिकवणारी शिक्षिकाही याच समाजातून आलेली होती. ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे जन्मलेल्या सावित्रीबाई त्या वेळी अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या.

शाळेची प्रेरणा

जोतीरावांचे शिक्षण पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासह अहमदनगरला गेले असता त्यांनी मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली. तेथील शिस्त आणि मुलींची प्रगती पाहून पुण्यात तशी शाळा काढण्याचा त्यांचा निश्चय पक्का झाला.

त्या काळी प्राथमिक शाळेला स्वतंत्र इमारत नसे. पंतोजींची शाळा एखाद्या ओसरीवर, देवळात किंवा सधन गृहस्थाच्या सोप्यात भरे. धुळाक्षरे गिरवण्यास धुळपाटी पुरेशी होई. दगडी जोते, लाकडी खांब-तुळयांचे खण आणि मधला चौक अशी रचना असलेले पुणेरी वाडे या कामी सहज उपयोगी पडत. अडचण जागेची रचना ही नव्हती. मुलींच्या शाळेसाठी आपला वाडा उघडणारा मालक मिळणे दुर्मीळ होते. त्यामुळे भिडे यांनी दिलेला आश्रय हा या इतिहासाचा महत्त्वाचा भाग ठरतो.

विरोध आणि विस्तार

शाळेला तीव्र विरोध झाला. वाटेने जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर चिखल व शेण फेकले जाई, असे आठवणींत नमूद आहे. समाजाच्या दडपणामुळे १८४९ मध्ये वडील गोविंदराव यांनी या दांपत्यास घराबाहेर पडण्यास सांगितले. भिडेवाड्यातील शाळा फार काळ टिकली नाही; परंतु काम थांबले नाही. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच अण्णासाहेब चिपळूणकर यांच्या वाड्यात मुलींची शाळा नव्याने सुरू झाली. पाठोपाठ रास्ता पेठ आणि वेताळ पेठ येथे शाळा निघाल्या. दक्षिणा प्राइझ फंडातून सरकारी साहाय्यही मिळू लागले. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला.

या शाळांचे फलित एका विद्यार्थिनीच्या लेखणीतून दिसते. मांग समाजातील मुक्ता या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात प्रसिद्ध झाला. ज्यांना अक्षरओळख नाकारली गेली होती, त्यांच्यातील एका मुलीने शिक्षणाच्या बळावर जातिव्यवस्थेस लेखी प्रश्न विचारले.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात हा प्रयोग आरंभला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला. देशभरात हा हक्क कायद्याने लागू होण्यास १ एप्रिल २०१० हा दिवस उजाडावा लागला.

वास्तूचा शेवट

शाळा गेल्यानंतर वाड्याचे सार्वजनिक महत्त्व दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. तळमजल्यावर दुकाने थाटली गेली. वरचे मजले मोडकळीस आले. पुणे महापालिकेने २००६ मध्ये येथे राष्ट्रीय स्मारक उभारण्याच्या दृष्टीने भूसंपादनाचे पाऊल उचलले. परंतु भोगवटादारांच्या आक्षेपांमुळे प्रकरण न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निर्णय दिला. त्यानंतर डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात महापालिकेने जागेचा ताबा घेऊन धोकादायक अवस्थेतील वाडा पाडला.

वाद मिटेपर्यंत जतन करण्याजोगे फारसे उरले नव्हते. स्मारक उभे राहिले, तरी ते त्या जागेचे असेल. मुलींनी प्रथम अक्षरे गिरवली त्या भिंतींचे नसेल. गावोगावच्या जुन्या प्राथमिक शाळांच्या इमारती आज पटसंख्येअभावी ओस पडत असताना भिडेवाड्याचा हा शेवट ध्यानात ठेवण्याजोगा आहे. शाळेचे मोल समाजास पटेपर्यंत तिची वास्तू वाट पाहत थांबत नाही.