रिकाम्या खोलीचा जुना पत्ता

१२ जानेवारी २०१० रोजी गूगलने जाहीर केले, की चीनमधून झालेल्या हल्ल्यात आपली बौद्धिक संपदा चोरीस गेली असून आणखी किमान वीस मोठ्या कंपन्या लक्ष्य झाल्या आहेत. चिनी मानवी हक्क कार्यकर्त्यांची ई-मेल खाती हे एक मुख्य उद्दिष्ट होते. हल्लेखोरांना वाट मिळाली होती ती मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरमधील एका दोषातून.

दोष समजण्यासाठी वसतिगृहाचे उदाहरण घेऊ. एक विद्यार्थी खोली सोडून गेला, पण कार्यालयाच्या एका वहीत त्याच्या नावापुढे तोच खोली क्रमांक राहिला. आता तिथे दुसराच कोणी राहतो. शिपाई वही पाहून जातो, आतल्याने दिलेली चिठ्ठी जुन्या विद्यार्थ्याचीच समजून आणतो आणि कार्यालय त्याप्रमाणे वागते!

ब्राउझरही पानावरील प्रत्येक चित्रासाठी, बटणासाठी मेमरीत जागा राखतो. घटक काढला की जागा मोकळी होते. एक्सप्लोररमध्ये मात्र माउसच्या क्लिकसारख्या घटनेच्या नोंदीत, काढलेल्या घटकाचा पत्ता शिल्लक राहू शके. हल्लेखोराचे पान आधी घटक काढून टाकी, मग मोकळी जागा आपल्या मजकुराने भरी आणि शेवटी ब्राउझरला जुना पत्ता वापरायला लावी. हा सगळा क्रम पानातील जावास्क्रिप्टच ठरवी. अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम वाचकाच्या यंत्रावर चालवणे हे तर ब्राउझरचे रोजचे कामच. वाचकाने पान उघडले की पुरे.

अशा चुकांचे मूळ जुने आहे. १९७०च्या दशकारंभी घडलेली सी भाषा आणि तिच्यातून निघालेली सी++ यांत मेमरी घेणे-सोडणे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर सोपवलेले असते. त्यामुळे वेग मिळतो. पत्ता अजून खरा आहे की नाही, हे मात्र भाषा तपासत नाही.

मायक्रोसॉफ्टला हा दोष सप्टेंबर २००९ पासून माहीत होता. दुरुस्ती आली २१ जानेवारी २०१० रोजी, तीही जर्मनी व फ्रान्सच्या सरकारी संस्थांनी दुसरा ब्राउझर वापरण्याचा सल्ला दिल्यानंतर. मूळ चुकीपेक्षा हा विलंब मला अधिक गंभीर वाटतो.

पुढे मोझिलाच्या पाठबळाने वाढलेल्या रस्ट भाषेत, सोडून दिलेल्या जागेचा पत्ता वापरणारा प्रोग्रॅम एरवी कंपायलरच नाकारतो. ऑगस्ट २०१६ मध्ये फायरफॉक्स ४८ मध्ये रस्टचा पहिला तुकडा बसवला गेला. तरी २०२० मध्ये क्रोमियम प्रकल्पाने आपले गंभीर सुरक्षा-दोष मोजले, तेव्हा सुमारे ७० टक्के मेमरीच्या गफलतीचे निघाले आणि त्यांतले निम्मे रिकाम्या जागेच्या जुन्या पत्त्याचेच होते.