कोलकात्यातील हौशी छायाचित्रकार: एकमेकांची चित्रे पाहण्याचा आणि त्यांवर बोलण्याचा इतिहास

तुमच्यापैकी अनेकांच्या महाविद्यालयात फोटोग्राफी क्लब असेल. कोणीतरी विषय देतो, प्रत्येक जण आपला फोटो दाखवतो आणि मग मते येऊ लागतात: क्षितिज तिरके झाले आहे, चेहरा अंधारात गेला, उजवीकडचा खांब कापला असता तर बरे झाले असते. ही सवय मोबाइलच्या कॅमेऱ्याबरोबर आली असे वाटणे साहजिक आहे. पण आपल्या देशात ती सुमारे १७० वर्षे जुनी आहे. या टिपणात आपण तिचा कोलकात्यातील इतिहास पाहणार आहोत. तो पाहताना एक प्रश्न मनात ठेवा: दुसऱ्याच्या चित्राबद्दल बोलायला बसलेल्या मंडळींत कोणाला जागा मिळते, आणि ती कोण ठरवते?

फ्रान्समध्ये दागेर याच्या पद्धतीचा तपशील ऑगस्ट १८३९ मध्ये जाहीर झाला. त्या काळी बातमी जहाजाने येई. तरीही काही महिन्यांतच या पद्धतीचे कॅमेरे कलकत्त्यात विक्रीला आले. (शहराचे तेव्हाचे नाव कलकत्ता, म्हणून जुन्या काळासाठी मी तेच वापरतो.) परंतु दागेरची पद्धत अशी होती की धातूच्या पत्र्यावर एकच चित्र उमटे, त्याची प्रत निघत नसे. चित्र हातोहात फिरायचे, मित्राला पाठवायचे, मंडळासमोर ठेवायचे, तर निगेटिव्ह हवी आणि तिच्यावरून कागदी प्रती काढता यायला हव्यात. १८५१ मध्ये दोन गोष्टी जवळपास एकाच वेळी पुढे आल्या. फ्रान्समध्ये ल ग्रे याने मेण लावलेल्या कागदाची निगेटिव्ह काढली आणि इंग्लंडमध्ये आर्चर याने काचेवरची ओली कलोडियन पद्धत प्रसिद्ध केली. हौशी मंडळींची संस्था उभी राहू शकली ती यानंतरच.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी कलोडियनची कृती नीट समजून घ्यावी, कारण पुढची सगळी चर्चा तिच्यातूनच निघते. गनकॉटन ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात आयोडाइड मिसळायचे. हे चिकट द्रावण काचेवर ओतून काच हळूहळू तिरकी करत सगळीकडे सारखे पसरवायचे. मग अंधारात काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी डेव्हलप करायची. हे सगळे काही मिनिटांत उरकावे लागे. लंडनच्या थंडीत ते जमत असे. कलकत्त्याच्या मे महिन्यात ईथर बघता बघता उडून जाई, काच कडेने वाळू लागे, चित्रावर डाग आणि पट्टे येत. इंग्लंडमधल्या पुस्तकातली प्रमाणे इथे लागू पडत नसत. शहराबाहेर चित्र घ्यायचे तर तंबूसारखी डार्करूम, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी सोबत न्यावे लागे. म्हणून दूरच्या प्रवासाला निघणारे अनेक जण मेणकागद पसंत करत, कारण तो आधी तयार करून ठेवता येई. आग्र्याचे डॉक्टर जॉन मरे यांनी ताजमहालाच्या मोठमोठ्या निगेटिव्ह कागदावरच घेतल्या.

अशा परिस्थितीत शेजारच्या छायाचित्रकाराचा फसलेला फोटो हीच सर्वांत मोलाची वस्तू. त्याने द्रावणात काय मिसळले, पाणी कुठले वापरले, सकाळी किती वाजता काच उघडली, हे कळले तर आपली एक काच वाचते. सुरुवातीच्या काळातील चित्रचर्चेत म्हणूनच सौंदर्य कमी आणि रसायनशास्त्र जास्त होते. मला यात कमीपणा वाटत नाही. डाग का पडला हे सांगणारा माणूस चित्र नीट पाहतो. ‘वा, छान’ म्हणणाऱ्याला तेवढे पाहावे लागत नाही.

लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ मध्ये निघाली. आपल्याकडे पहिली संस्था मुंबईत, ऑक्टोबर १८५४ मध्ये. १८५६ मध्ये कलकत्त्यात फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बेंगॉल स्थापन झाली आणि त्याच वर्षी मद्रासलाही अशी संस्था निघाली. सभासद मुख्यतः लष्करी अधिकारी, डॉक्टर, कंपनी सरकारचे नोकर, व्यापारी. त्यांच्यासोबत थोडे भारतीय. सभा भरत, निबंध वाचले जात, प्रती टेबलावर मांडल्या जात, वार्षिक प्रदर्शने होत, संस्थेचे नियतकालिक निघे. मराठीत आपण ‘हौशे, नवशे, गवशे’ म्हणतो तेव्हा हौशाला जरा हलके लेखतो. त्या काळचा हौशी तसा नव्हता. पोटासाठी फोटो काढत नाही, म्हणून तो प्रयोग करायला मोकळा आहे, असा त्या शब्दाचा मान होता.

मुंबईकडे थोडे वळून पाहू, कारण तुलना उपयोगी पडेल. तिथल्या सोसायटीत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे दोघेही सुरुवातीच्या काळापासून होते. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे काढत आणि ती प्रदर्शनात मांडत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ च्या सुमारास छायाचित्रणाचा वर्गच सुरू झाला. पुढे व्यवसायात नाव कमावलेले हरिश्चंद्र चिंतामण हे तिथलेच विद्यार्थी. १८५६ ते १८५८ या काळात ‘इंडियन अॅमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ नावाचे नियतकालिक मुंबईहून निघत होते. फोटो छापण्याचे तंत्र तेव्हा नव्हते. म्हणून अंकाच्या प्रत्येक प्रतीत खऱ्याखुऱ्या छायाचित्रांच्या प्रती हाताने चिकटवलेल्या असत. दूर राहणाऱ्या सभासदाला चित्र दाखवायचे तर असा खटाटोप करावा लागे.

आता कलकत्त्याला परत येऊ. तिथल्या सोसायटीत राजेंद्रलाल मित्र हे नाव महत्त्वाचे. १८४६ पासून ते एशियाटिक सोसायटीचे सहायक सचिव आणि ग्रंथपाल होते. ‘विविधार्थ संग्रह’ हे बंगालीतील सचित्र मासिक त्यांनी १८५१ मध्ये काढले होते. नकाशे, लिपी, शिल्पे, छपाई अशा सगळ्यांत त्यांना रस होता, तेव्हा कॅमेऱ्याकडे ते वळले यात नवल नाही. फोटोग्राफिक सोसायटीचे ते पदाधिकारीही झाले. म्हणजे एका टेबलाभोवती कंपनीचा कर्नल आणि बंगाली विद्वान बसले आहेत, समोर प्रत आहे आणि डागाचे कारण दोघे मिळून शोधत आहेत, हे तेव्हाच्या कलकत्त्यात घडू शकत होते.

ते फार दिवस टिकले नाही. त्या काळी बंगालच्या ग्रामीण भागात राहणाऱ्या युरोपीय माणसावर गंभीर गुन्ह्याचा खटला भरायचा तर कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टातच यावे लागे. खेड्यातल्या रयतेला ते अशक्यच होते, आणि निळीचे मळेवाले याचा पुरेपूर फायदा घेत. त्यांना जिल्ह्यातील फौजदारी न्यायालयांच्या कक्षेत आणणारे विधेयक पुढे आले तेव्हा युरोपियनांनी त्याला ‘काळा कायदा’ म्हणून हिणवले. एप्रिल १८५७ मध्ये टाउन हॉलमध्ये विधेयकाच्या बाजूने सभा झाली. तिथे राजेंद्रलालांनी मळेवाल्यांवर अत्यंत कडक शब्दांत टीका केली. काळ लक्षात घ्या: मार्चअखेर बराकपूरला मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले होते आणि पुढच्याच महिन्यात मेरठला उठाव सुरू होणार होता.

भाषण टाउन हॉलमध्ये झाले, शिक्षा फोटोग्राफिक सोसायटीत मिळाली. युरोपीय सभासद खवळले आणि त्याच वर्षी राजेंद्रलालांना सोसायटीतून काढून टाकण्यात आले. त्यांच्या चित्रांत, हिशेबात किंवा संस्थेच्या कामात दोष होता म्हणून हे घडले नाही. एका हौशी मंडळाने आपल्या उत्तम सभासदांपैकी एकाला, छायाचित्रणाशी काडीचाही संबंध नसलेल्या मतासाठी, टेबलावरून उठवले. पुस्तकांत ही घटना एखाद्या वाक्यात उरकली जाते. माझ्या मते भारतीय छायाचित्रणाच्या इतिहासात तिला याहून मोठी जागा हवी. मुंबईत भाऊ दाजी बॉम्बे असोसिएशनच्या राजकारणात उघडपणे वावरत होते, आणि तिथली सोसायटी मात्र भारतीय सभासदांना सामावून चालली होती. तेव्हा कलकत्त्याच्या निर्णयाला ‘काळच तसा होता’ एवढेच उत्तर पुरत नाही. निळीचा पैसा आणि त्यामागची माणसे कलकत्त्यात होती, हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

या गोष्टीला सत्तावीस वर्षांनी एक शेपूट फुटले. १८६८-६९ मध्ये राजेंद्रलाल ओरिसातील मंदिरांच्या अभ्यासासाठी गेले. त्यातून ‘अँटिक्विटीज ऑफ ओरिसा’ हा ग्रंथ १८७५ आणि १८८० मध्ये दोन खंडांत निघाला. भारतीयांची दगडी वास्तुकला ग्रीकांकडून आली नाही, अशी त्यांची मांडणी होती. तिच्याविरुद्ध उभे राहिले जेम्स फर्ग्युसन, भारतीय वास्तुकलेचे त्या काळचे सर्वांत मोठे युरोपीय अभ्यासक. छायाचित्रांच्या साहाय्याने वास्तूंचा तुलनात्मक अभ्यास करण्याचा त्यांनी पुरस्कार केला होता, आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी भारतीय वास्तूंच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह मांडला होता. १८८४ मध्ये त्यांनी राजेंद्रलालांच्या लेखनावर संपूर्ण पुस्तकच लिहिले; शीर्षकातच ‘बाबू राजेंद्रलाल मित्र’ हे नाव घातले. पुराव्यावर वाद घालणे योग्यच होते, आणि काही मुद्दे खरोखर पुराव्याचे होते. पण या पुस्तकात इल्बर्ट विधेयकाचा विषयही येतो, म्हणजे भारतीय न्यायाधीशाने युरोपियनाचा खटला चालवावा का, हा पुन्हा तोच १८५७ चा प्रश्न. योगायोग असा की फर्ग्युसन यांनी तरुणपणी बंगालमध्ये पैसा कमावला तो निळीच्या धंद्यात. दुसऱ्याच वर्षी, १८८५ मध्ये, राजेंद्रलाल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्ष झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय.

दरम्यान तंत्र बदलले होते. १८८० च्या आसपास जिलेटिनच्या कोरड्या काचा तयार मिळू लागल्या. काच ओली ठेवण्याची घाई संपली, तंबू सुटला, आणि हौशींची संख्या वाढली. त्याच दशकात कलकत्त्यात फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया ही नवी संस्था उभी राहिली. नव्या तंत्राची दुखणीही नवी. दमट उन्हाळ्यात पाणी कोमट झाले की जिलेटिनचा थर फुगून काचेच्या कडेने सुटे आणि त्याला चुण्या पडत. मग बर्फ, तुरटीचे पाणी, पहाटेची वेळ असे उपाय एकमेकांना सांगितले जात. त्रिपुराचे महाराजा वीरचंद्र माणिक्य यांनी तर आगरतळ्याच्या राजवाड्यातच कॅमेरा क्लब काढून चित्रांची प्रदर्शने भरवली. राणी मनमोहिनी यांच्यासोबत त्यांनी स्वतःच घेतलेले छायाचित्र आज आपल्याकडच्या सुरुवातीच्या ‘सेल्फी’ म्हणून दाखवले जाते.

मला मात्र राजवाड्यापेक्षा एका छापखान्याची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. उपेंद्रकिशोर राय (सत्यजित राय यांचे आजोबा) यांनी कलकत्त्यात हाफटोन छपाईवर स्वतंत्र संशोधन केले. छायाचित्रातील करड्या छटा शाईने छापता येत नाहीत, कारण शाई एक तर लागते किंवा लागत नाही. म्हणून बारीक रेषांच्या जाळीतून चित्र घेऊन छटांचे लहानमोठे ठिपके करतात. जाळी आणि काच यांतले अंतर किती असावे, भिंगाच्या छिद्राचा आकार कोणता असावा, हे तेव्हा बरेचसे अंदाजाने चाले. उपेंद्रकिशोरांनी त्याला गणिताची बैठक दिली. त्यांचे लेख १८९७ पासून इंग्लंडच्या ‘पेनरोज’ वार्षिकात छापून येऊ लागले. ठिपका कसा बनतो यावरच्या युक्तिवादाला लेखक कोणत्या क्लबचा सभासद आहे हे विचारण्याची गरज नव्हती. त्यांचे पुत्र सुकुमार राय १९११ मध्ये शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन छायाचित्रण आणि छपाई शिकले आणि पुढे १९२२ मध्ये रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे फेलो झाले. हाफटोनमुळे चिकटवाचिकटवी संपली. आता एकच चित्र हजारो लोकांसमोर जाऊ शकत होते.

विसाव्या शतकातील क्लबांबद्दल थोडक्यात सांगतो. मुंबईत १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया याच नावाची वेगळी संस्था निघाली. कलकत्त्याच्या जुन्या संस्थेशी तिची गल्लत करू नका. १९५३ मध्ये देशभरातील क्लबांचा महासंघ झाला. १९५७ मध्ये फोटोग्राफिक असोसिएशन ऑफ डमडम सुरू झाली आणि कोलकात्याच्या हौशी चळवळीचे ती एक मोठे ठिकाण बनली. याच काळात ‘सलोन’ ही पद्धत रुळली. छापील प्रती पोस्टाने यायच्या, मागे नाव आणि चिकटपट्ट्या. परीक्षकांना दिसे ती फक्त पुढची बाजू. प्रत्येक जण आकडा देई, बेरीज ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की चित्र प्रदर्शनात.

इथे काय मिळाले आणि काय गेले, हे पाहण्यासारखे आहे. नाव झाकले गेले, म्हणजे १८५७ सारख्या निवाड्याला जागा कमी राहिली. डमडमचा कारकून आणि परदेशातला उद्योगपती यांच्या प्रती एकाच ढिगात येऊ लागल्या. पण चित्र नाकारले गेले तर का, हे कळेनासे झाले. परत आलेल्या पाकिटात आकडा असे, कारण नसे. आकडे वाढवायचे तर आधी निवडल्या गेलेल्या चित्रांसारखी चित्रे काढा, असा सोपा हिशेब अनेकांनी केला. त्यामुळे धुक्यातली होडी आणि कुंभारटोळीतला मूर्तिकार यांचे इतके फोटो जमले की मोजायला वेगळा कारकून ठेवावा लागेल. क्लबच्या साप्ताहिक बैठकीत मात्र जुनी रीत चालू राहिली: प्रत समोर ठेवायची, काढणाऱ्याने गप्प बसायचे, बाकीच्यांनी बोलायचे.

तुमच्या क्लबमध्ये एक प्रयोग करून पाहा. दहा छायाचित्रे कागदावर छापा, नावे मागे लिहा आणि झाकून ठेवा. पहिल्या फेरीत प्रत्येकाने फक्त आकडा द्यायचा. दुसऱ्या फेरीत आकडा द्यायचा नाही. प्रकाश कुठून आला, नजर आधी कुठे गेली, कोणती कड नको होती, एवढेच बोलायचे. मग नावे उघडा आणि तिसऱ्यांदा तीच चित्रे पाहा. तिन्ही फेऱ्यांच्या नोंदी वेगवेगळ्या कागदांवर ठेवा. पुढच्या तासाला आपण त्या शेजारी शेजारी मांडून वाचू.