टोपीकरांच्या टोपीचे वय

जुन्या मराठी कागदपत्रांत युरोपियनांना सरसकट एक नाव दिलेले आढळते: टोपीकर. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात ते आहे, बखरींत आहे. फिरंगी असो, इंग्रज असो की फरासीस असो, पागोटे न बांधता टोपी घालणारा तो टोपीकर. त्याची भाषा कळण्याच्या आधी, त्याचा हेतू कळण्याच्या तर पुष्कळच आधी, आमच्या पूर्वजांच्या डोळ्यांत भरली ती त्याची टोपी. टोपीकर गेले, टोप्या मात्र काही मागे राहिल्या. कोठे जुन्या वाड्याच्या माळ्यावर, कोठे मुंबईच्या चोरबाजारात, कोठे हौशी संग्राहकाच्या कपाटात त्या आजही भेटतात. अशी टोपी हाती आली तर तिचे वय कसे ठरवावे, आणि ते ठरविण्याची एवढी यातायात का करावी, हा आजचा विषय आहे.

येलदरीसारख्या गावी बसून साहेबाच्या टोपीचा विचार कशासाठी, असे कोणी विचारील. त्याने नकाशा उघडून पाहावा. येलदरीच्या धरणाने अडविली आहे ती पूर्णा. या पूर्णेला वर केळणा नदी मिळते, आणि या केळणेच्याच काठी असईचे रणांगण आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे आर्थर वेलस्लीने शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी लढाई केली. इकडे येलदरीच्या पूर्वेस हिंगोली. तेथे १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, ही याच फौजेची ठाणी. तेव्हा या मुलखात साहेबाची टोपी ही परकी वस्तू असली तरी अनोळखी नव्हे.

ही कंटिंजंट म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. १८१३ च्या सुमारास हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने जी पलटण उभी केली तिला रसेल ब्रिगेड म्हणत. त्यातून पुढे ही फौज वाढली. शिपाई येथले, पैसा निजामाच्या खजिन्यातला, हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा. पगाराची बाकी थकत गेली, आणि १८५३ च्या तहाने त्या खर्चापायी वऱ्हाड इंग्रजांकडे लावून द्यावे लागले. १९०२ साली वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडेच राहिले, आणि पुढच्याच वर्षी कंटिंजंट ही स्वतंत्र फौज मोडून हिंदी सैन्यात मिळविण्यात आली. पलटणीत इंग्रज अधिकारी मोजके असत. शिपायाच्या डोकीस पागोटे, साहेबाच्या डोकीस टोप. रिसाल्यातले इंग्रज अधिकारी समारंभी पोशाखात हौसेने लुंगी म्हणजे फेटा बांधीत हे खरे. पण एरवी कोण हुकूम देणार आणि कोण पाळणार, हे डोक्यावरूनच ओळखू येई.

आता टोपीकडे वळू. पहिली साक्ष आकाराची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पायदळाच्या अधिकाऱ्याची समारंभी टोपी म्हणजे शाको, उंच नळकांडीसारखी आणि पुढे सावली धरणारी. तिचा घाट १८४४, १८५५, १८६१ आणि १८६९ या सालांत बदलत गेला आणि ती ठेंगणी होत आली. १८७०–७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला नमविले. जेत्याच्या पोशाखाची नक्कल करण्याची रीत जुनीच आहे. १८७८ साली इंग्रज पायदळाने निळ्या कापडाचे टोकदार हेल्मेट घेतले. हिंदुस्थानच्या उन्हासाठी मात्र पांढऱ्या कापडाने मढविलेला हलका टोप आला. तो बुचाचा किंवा सोला नावाच्या पाणवनस्पतीच्या गाभ्याचा करीत. लग्नातली बाशिंगे ज्या भेंडाची होतात, तेच हे भेंड. वधूवरांच्या कपाळी शोभणारा हा पोकळ गाभा साहेबाच्या टाळूचेही रक्षण करीत होता. विसाव्या शतकाच्या आरंभी रुंद काठाचा वुल्झ्ली टोप रूढ झाला. टोपाभोवती कापड गुंडाळीत, त्याला इंग्रजीत जे नाव पडले ते आपल्या पगडीचेच. पगडी साहेबाच्या डोकीवर चढली ती अशी.

दुसरी साक्ष मुकुटाची, आणि नवशिक्याने प्रथम तिकडेच पाहावे. बिल्ल्यावर किंवा बटणावर बहुधा राजमुकुट असतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी किंचित खाली दबलेल्या असतात. १९०१ मध्ये सातवा एडवर्ड गादीवर आल्यावर कमानी घुमटासारख्या वर उचललेल्या दिसू लागतात, आणि हा मुकुट १९५२ पर्यंत चालतो. दुसऱ्या एलिझाबेथच्या कारकिर्दीत पुन्हा मध्ये खळगा आला. पण तोवर आपण स्वतंत्र झालो होतो, आणि १९५० पासून आपल्या सैन्याच्या चिन्हांवर मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह आले. २०२२ नंतर तिसऱ्या चार्ल्सने घुमटाचा मुकुट परत आणला आहे, म्हणून नव्या वस्तूने फसू नये.

तिसरी साक्ष नावाची. इंग्रजी पायदळाच्या पलटणी १८८१ पर्यंत आकड्यांनी ओळखल्या जात. त्या वर्षी आकडे जाऊन परगण्यांची नावे आली. आमच्या मुलखातील पलटणींचा हिशेब याहून सोपा आहे. बिल्ल्यावर हैदराबाद कंटिंजंट असेल तर वस्तू १९०३ च्या आधीची. ९४ ते ९९ यांपैकी आकडा आणि रसेल, बेरार किंवा डेक्कन असे नाव असेल तर १९०३ ते १९२२ मधली. एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट असेल तर १९२२ नंतरची. १९४५ साली हिचेच नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. तिच्या बिल्ल्यावरचा क्रॉस धरलेला अर्धा सिंह रसेल घराण्याच्या चिन्हातून आलेला आहे आणि तो आजही तिथे आहे. म्हणून केवळ सिंह पाहून साल सांगू नये, नाव वाचावे.

असईचे उदाहरण याहून बोलके आहे. हायलँड लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावर हत्ती असतो आणि खाली असई हा शब्द असतो. तो पाहून कोणीही म्हणेल, ही टोपी असईच्या रणावरची! पण हत्तीचा मान लढाई जिंकल्यावर मिळाला, आणि ती पलटण त्या नावाने १८८१ साली, लढाईत असलेली ७४ वी पलटण दुसरीत मिळवून बनली. बिल्ल्यावरील शब्द स्मरणाचा आहे, हजेरीचा नव्हे. सर्व शास्त्राचा सारांश या एका बिल्ल्यात आहे: वस्तूचे वय तिच्यावरील सर्वांत जुन्या खुणेवरून ठरत नाही, सर्वांत अलीकडच्या खुणेवरून ठरते. मात्र ती खूण मागाहून बसविलेली नाही, एवढे तपासून घ्यावे.

चौथी साक्ष टोपी उलटी केल्यावर दिसते. शिपायाला टोपी सरकारातून मिळे, तिच्यावर सरकारी बाणाची खूण असे. अधिकारी आपली टोपी पदरच्या पैशाने घेई. म्हणून आत रेशमी अस्तर, चामड्याची घामपट्टी, बिल्ल्याला सोन्याचा मुलामा आणि दुकानदाराची चिठ्ठी. लंडनच्या हॉक्स कंपनीची चिठ्ठी पुष्कळदा सापडते. ही पेढी १९१२ मध्ये सॅव्हिल रो या रस्त्यावर गेली, त्याआधी ती पिकॅडिलीत होती. तेव्हा केवळ पत्त्यावरूनही साल आवळता येते. टोपीसोबत पत्र्याची पेटी असेल आणि पेटीवर अधिकाऱ्याचे नाव कोरलेले असेल, तर ते इंडियन आर्मी लिस्ट या छापील यादीत शोधावे. तो कोणत्या साली कोणत्या पलटणीत होता, हे तेथे मिळते.

एवढी खटपट कशासाठी? एक कारण कायद्याचे आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांची ऐतिहासिक वस्तू ही पुरावशेष ठरते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा टोपी नव्व्याण्णव वर्षांची की एकशेदहा वर्षांची, हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. दुसरे कारण त्याहून मोठे आहे. घरोघरी जुनी टोपी निघाली की ती हमखास सत्तावन सालची ठरते, आणि कोणा पूर्वजाने ती साहेबाच्या डोक्यावरून उडविलेली असते. सत्तावनचा खरा इतिहास इतका सोयीचा नाही. जून १८५७ मध्ये औरंगाबादेस कंटिंजंटच्या घोडदळात उठाव झाला आणि तो मोडण्यात आला. पण त्याच कंटिंजंटच्या पलटणी १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या सैन्याबरोबर झांशीवर चालून गेल्या. आमच्याच गावांतले लोक दोन्ही बाजूंना होते. घुमटाच्या मुकुटाची, म्हणजे एडवर्डच्या नंतरची टोपी आपण सत्तावनची म्हणून मिरवितो तेव्हा उठाव करणाऱ्यांचा मान वाढत नाही. त्यांची खरी हकीकत मात्र झाकली जाते.

म्हणून आमची विनंती एवढीच की, अशी वस्तू घरात असेल तर बिल्ला चिंचेने वा पॉलिशने घासू नये; मुलामा एकदा गेला की परत येत नाही. फाटके अस्तर काढून टाकू नये, चिठ्ठी खरवडू नये, तुटलेल्या बटणाच्या जागी दुसरे बसवू नये. टोपी कोणाकडून, केव्हा, कशी आली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून तारखेसह लिहून तिच्यासोबत ठेवावे. सांगणाऱ्याची गोष्ट एका कागदावर आणि टोपीवरील खुणा दुसऱ्या कागदावर लिहाव्यात. दोन्ही जुळल्या तर आनंदच आहे. न जुळल्या तर खुणांवर विश्वास ठेवावा, आणि गोष्टही फाडून टाकू नये. लोकांना काय खरे वाटावेसे वाटले, हाही इतिहासच आहे.